एकट्याचं पथ्य नको

आई-बाबांनो,

दिवाळीत किंवा एखाद्या लग्नकार्यात नातेवाईक जमले की मुलांच्या अंगाकडे बघून दोन वाक्यं हमखास बोलली जातात. एकाला म्हणतात, 'किती वाळलायस रे, आई जेवायला घालत नाही का?' दुसऱ्याला म्हणतात, 'केवढा सुटलायस!' असं म्हणणारी मावशी पुढच्याच मिनिटाला त्या दुसऱ्याच्या ताटात आणखी एक करंजी टाकते. मूल ओशाळं हसतं आणि करंजी खातं. रात्री घरी आल्यावर आपली कुजबुज सुरू होते. 'खरंच वाढलंय गं याचं वजन. उद्यापासून भात बंद करू या. पहाटे उठवून पळायला पाठवू.'

या 'उद्यापासून'बद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. तुमची काळजी खोटी नाही. चाळिशी-पन्नाशीत भेटणारा मधुमेह आता कॉलेजात जाणाऱ्या, कधी कधी शाळेत जाणाऱ्या मुलांतही सापडू लागला आहे. पण काळजीपोटी आपण जो उपाय करतो, तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर करतो. दहा वर्षांचं मूल महिन्याचं वाणसामान भरत नाही. क्लासची वेळ ते ठरवत नाही. रात्री दहाला जेवायचं, हेही त्याने ठरवलेलं नसतं. सगळं ठरवतो आपण आणि पथ्य लावतो त्याला. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं ते आधीच सांगून टाकते. वाढत्या मुलाला एकट्याला डाएटवर बसवू नका. जे बदलायचं, ते सगळ्या घराने मिळून बदलायचं.

आधी मोजण्याबद्दल. मुलाच्या वजनाचा डोळ्यांनी केलेला अंदाज फार फसवतो. आपल्याकडे एके काळी गावोगाव गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरत. ती नजर अजून गेलेली नाही. बाळसं उतरून मूल चार-पाच वर्षांचं झालं की सडसडीत दिसू लागतं. निसर्गाचा क्रमच तसा आहे. उंचीच्या मानाने शरीराचा भरीवपणा साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमाराला सर्वांत कमी असतो आणि त्यानंतर तो पुन्हा वाढतो. नेमक्या याच वयात आपण 'अगदी काडी झालीये' म्हणत मोबाइल दाखवून घास भरवत सुटतो. खरं लक्ष द्यायला हवं ते पाच वर्षांच्या आधीच भराभर भरू लागलेल्या मुलाकडे.

मोठ्यांसाठीचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, तक्ता मुलांना लावू नका. त्यांच्या वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे आकडे बदलतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ मध्ये सुधारित आलेख काढले. तुमच्या डॉक्टरांकडे ते असतात. वर्षातून दोनदा उंची-वजन घेऊन त्या आलेखावर खूण करून घ्या. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर एक दोरा घ्या. मुलाच्या उंचीएवढा कापा आणि मधोमध दुमडा. तो दुहेरी दोरा कमरेभोवती बेंबीच्या पातळीवर पुरला तर ठीक. पुरत नसेल तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली. सहा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांनाही हा दोरा चालतो, तेव्हा आई-बाबांनीही त्यातून सुटू नये.

आता घरातल्या बारीक मुलाबद्दल. 'धाकटीला काय, ती काहीही खाऊ दे, तिला लागतच नाही,' असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम जरूर लक्षात ठेवावं. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध झालं. आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आतून चरबी बाळगून असतो, हे याज्ञिकांनी नवजात बाळांमध्येसुद्धा दाखवून दिलं आहे. म्हणजे दादाला काकडी आणि धाकटीला वेफर्स ही वाटणी दोघांच्याही तोट्याची. एक डिवचला जातो आणि दुसरीच्या पोटात काय साठतंय ते कुणी बघतच नाही.

मग वजन कमी करायचंच नाही का? बहुतेक वाढत्या मुलांचं ते फक्त थोपवायचं असतं. उंची वाढतेय ही आपल्या हातातली मोठी जमेची बाजू आहे. समजा, दहा वर्षांचा मुलगा १३५ सेंटीमीटर उंच आणि ४५ किलो वजनाचा आहे. त्याचा बीएमआय जवळजवळ २५ येतो आणि त्या वयाला तो खूपच जास्त आहे. दोन वर्षांत त्याची उंची बारा सेंटीमीटर वाढली आणि वजन ४५ वरच राहिलं, तर बीएमआय २१ च्याही खाली येतो. एकही किलो न घटवता! उपासमार केली तर मात्र चरबीबरोबर स्नायू झिजतात, उंचीला लागणारी प्रथिनं, कॅल्शियम आणि लोह कमी पडतं, आणि बंदी उठल्यावर मूल दुप्पट खातं. वजन फारच जास्त असेल तर ते हळूहळू उतरवावं लागतं, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आपल्या महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला की 'दीक्षित की दिवेकर' हा आहाराच्या दोन पद्धतींचा वाद रंगतोच. दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, यावर कार्यालयांतून आणि व्हॉट्सअॅपवर पुष्कळ चर्चा होते. मोठ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावं. पण बाबांनी पंचावन्न मिनिटांची दोन जेवणं सुरू केली म्हणून सहावीतल्या मुलाचा मधला डबा बंद, असं करू नका. त्या पद्धती मोठ्यांसाठी मांडल्या आहेत. मुलाला दिवसभरात तीन जेवणं आणि एक-दोन वेळचं खाणं लागतंच.

ताटाचा विचार करताना एक साधी वाटणी ठरवून टाका. काय शिजवायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं किती खायचं, हे मुलाने. 'पानात टाकायचं नाही' म्हणून शेवटचा घास कोंबू नका आणि त्याने दुसरी पोळी मागितली तर डोळे वटारू नका. भूक कधी भागली ते मुलाच्या शरीराला कळतं, पण आपण दोन्ही बाजूंनी मध्ये पडून ते कळणं बिघडवतो. सुरुवातीला पानात थोडं वाढावं, हवं तर पुन्हा घेऊ द्यावं.

आणि काय शिजवायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात २००० कॅलरींचं दिवसाचं ताट दिलं आहे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाची गरजही जवळपास तेवढीच असते. त्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-बिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. आता हे आपल्या ओट्याजवळ उभं राहून बघू या. आपल्याकडे पातळ वरणात दिवसाची डाळ संपते आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असते. म्हणजे कमी पडतात भाजी आणि डाळी, आणि त्यांची जागा भरून काढतात जास्तीची पोळी आणि जास्तीचा भात. भात बंद करायची गरज नाही. वरण घट्ट करा, मटकीची किंवा चवळीची उसळ आठवड्यातून चारदा करा, अंडी चालत असतील तर एक अंडं द्या, कोशिंबिरीची वाटी आधी वाढा. पोट त्याने भरलं की भाताचा ढीग आपसूक उतरतो. ज्वारी-बाजरीची भाकरी मुलांना आवडत नाही म्हणणाऱ्यांनी ती गरम तव्यावरून थेट पानात वाढून बघावी. सकाळी केलेली गार भाकरी रात्री पुढे ठेवली तर मोठेही नाक मुरडतील.

तेलाचा हिशेब किराण्याच्या बिलावरून सहज करता येतो. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलो. तुमच्याकडे किती येतं, ते या महिन्यात बघा. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनात चार. म्हणून फोडणीतला एक चमचा कमी करणं हे पोळी हिसकावून घेण्यापेक्षा सोपं आहे आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही.

साखरेचं गणित अधिक सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. २००० कॅलरींच्या ताटाला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम असते. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर उरली. डब्यातला फळांचा रसही याच हिशेबात धरा. मोसंबी सोलून खाल्ली तर वेगळी गोष्ट. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचं तेच. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. आपण मात्र अजूनही 'त्याशिवाय दूध पीत नाही' म्हणून दोन चमचे घालतोच. दूध नको असेल तर दही द्या, ताक द्या, चालतं.

घराघरातली खरी कसोटी संध्याकाळी पाचला लागते. शाळेतून मूल भुकेलेलं येतं. आई-बाबा कामावर असतात, आजी-आजोबा किंवा मदतनीस घरी असतात, नाहीतर कुलूप उघडून ते एकटंच आत शिरतं. समोर हाताला काय लागतं? बिस्किटं, खारी, फरसाण, नूडल्सचं पाकीट. मग क्लास, परतताना वडापाव, आणि दहा वाजता सगळे जमल्यावर पूर्ण जेवण. मुलाचं वजन बहुधा या पाच तासांत वाढत असतं. म्हणून बाकी काही जमलं नाही तरी ही पाचची वेळ आधी सांभाळा. सकाळच्या पोळीची भाजी घालून केलेली गुंडाळी, थालीपीठ, दडपे पोहे, उकडलेली अंडी, भाजलेले चणे-शेंगदाणे, मोड आलेल्या मुगाची भेळ, पेरू, केळं, शिंगाडे. यातलं काहीतरी रोज, डोळ्यांसमोर, उघडायला सोप्या डब्यात असावं. आणि फरसाणाचा डबा? तो वरच्या फळीवर लपवू नका, मुलांना फळ्या चढता येतात. तो किराण्याच्या यादीतूनच काढा. सणावाराला, पाहुणे आले की आणा आणि तेव्हा सगळ्यांनी मजेत खा. जे घरातच नाही, त्यासाठी रोज 'नको' म्हणावं लागत नाही.

शाळेच्या दाराशी काय विकलं जातं, तेही बघा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी आहे. पालकसभेत गुणांबरोबर हाही विषय काढायला काहीच हरकत नाही.

आता व्यायाम. 'खाल्लंस ना, मग जा, दहा फेऱ्या मार' ही शिक्षा आधी बंद करा. तिने खेळाची नावड तेवढी तयार होते. शिवाय हिशेबही जुळत नाही. चाळीस किलोचं मूल अर्धा तास भरभर चाललं तर साधारण ऐंशी कॅलरी खर्च होतात, आणि वेफर्सच्या पन्नास ग्रॅमच्या पुडीत पावणेतीनशेच्या आसपास असतात. खाल्लेलं पळून फेडता येत नाही. खेळ हवा तो हाडांसाठी, स्नायूंसाठी, इन्सुलिन नीट चालावं म्हणून, गाढ झोपेसाठी आणि मुख्य म्हणजे आनंदासाठी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि आठवड्यातून तीनदा हाडं-स्नायू बळकट करणारे खेळ हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही साठ मिनिटं सलग नसली तरी चालतं. शाळेत चालत जाणं, सोसायटीत लगोरी, जिन्याच्या दोन चकरा, दोरीवरच्या उड्या, सगळं मोजायचं. उड्यांनी हाडं घट्ट होतात, म्हणजे आपली लंगडी आणि खो-खो या कामाला उत्तम. वजनदार मुलाला पळण्याच्या शर्यतीत शेवटचा नंबर मिळतो आणि ते खेळ सोडतं. त्याला पोहायला, सायकलला, कुस्तीला, ज्युदोला घाला. तिथे त्याचं बळ कामी येतं.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, तेव्हा ते स्वतः रोज नमस्कार घालत आणि घरच्यांनाही घालायला लावत. मुलाला गालिच्यावर उभं करून आपण सोफ्यावरून मोजत बसलो तर चार दिवसांत ते बंद पडेल. जेवणानंतर वीस मिनिटं सगळे मिळून खाली उतरा. फोन घरी ठेवा.

मुलींच्या आयांना वेगळं सांगायचं आहे. पाळी सुरू झाली की 'आता पुरे ते हुंदडणं' म्हणून कितीतरी मुलींचा खेळ सुटतो. अंगात चरबी वाढण्याचं ते नैसर्गिक वय, हाडं भरण्याचंही तेच वय, आणि नेमका तेव्हाच व्यायाम बंद होतो. पाळीत खेळलं तर काहीही बिघडत नाही. तिला चांगली ब्रा आणि बूट घेऊन द्या आणि मैदानावर पाठवा. दहावीच्या वर्षाचंही असंच. रोजचा एक तास खेळल्याने कुणी नापास होत नाही.

झोपेबद्दल थोडक्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि पुढे अठरापर्यंत आठ ते दहा तास झोप लागते. ती कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ वाढते. जेवताना टीव्ही किंवा मोबाइल सुरू असला की किती खाल्लं याचं भान राहत नाही. जेवताना ते बंद, असा नियम करायचा तर तो बाबांच्या ऑफिसच्या फोनलाही लागू.

आणि आपली जीभ! जाड्या, ढोल्या, भोपळा, टुणटुण ही लाडाची नावं नाहीत. चिडवल्याने वजन उतरत नाही, उलट मूल चोरून खायला शिकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये पालकांना स्पष्ट सुचवलं की मुलांच्या वजनावर शेरे मारू नका, त्यांना डाएट करायला लावू नका, एकत्र जेवा. कारण किशोरवयात डाएट करणाऱ्या मुलांचं वजन पुढे वाढलेलंच आढळतं, आणि काहींना खाण्याचे मानसिक आजार जडतात. आरशासमोर उभं राहून 'मी किती जाडी झालेय' म्हणणाऱ्या आईचं बोलणंही मुलगी ऐकत असते. आजीला मात्र टाकून बोलू नका. तिने टंचाईचे दिवस पाहिलेत, वाढणं हीच तिची माया आहे. 'आजी, तुझ्या हातची मेथीची भाकरी कर ना,' असं नातवाने म्हटलं तर तीच माया योग्य ताटात उतरते.

डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही माहीत असू द्या. मानेवर, काखेत काळपट जाड पट्टा दिसला की आपण बेसन लावून घासतो. तो मळ नसतो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मांडी किंवा गुडघा दुखून लंगडणं, सारखी तहान आणि लघवी, मुलींची पाळी लांबणं, यांसाठी थांबू नका. वजन वाढतंय पण उंची थांबली असेल तर थायरॉइड आणि इतर ग्रंथींची तपासणी हवीच. नुसत्या जास्त खाण्याने वाढलेली मुलं वयाच्या मानाने सहसा उंच असतात. उलट बाजूही बघा. जेवण टाळणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये कोंडून घेणं, सारखं वजन करणं, पाळी बंद होणं, हेही तितकंच गंभीर आहे. आणि ओळखीच्या कुणी आणून दिलेली वजन उतरवायची पावडर किंवा इंजेक्शन मुलाला कधीही देऊ नका.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. या महिन्यात एकच गोष्ट निवडा, शक्यतो संध्याकाळी पाचचं खाणं. पुढच्या महिन्यात जेवणानंतरची वीस मिनिटं, मग जेवणाची वेळ. घरातल्या प्रत्येकाने ती पाळावी, बारीक असलेल्यानेही. वजनकाटा मुलापुढे ठेवू नका. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून आलेखावर खूण करून घ्या आणि तोवर मुलाच्या शरीराबद्दल घरात एकही शेरा मारू नका. सुरुवात तुमच्या ताटापासून करा.